रविवारी दुरुस्त केलेलं दार

त्याला सगळे कारागीर म्हणायचे. तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन त्याच्याकडे पाठवत आणि तो आपल्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये मेण, प्लास्टर आणि गुलाबी अक्रिलिक यांच्याशी झटापट करत कुणाकुणाचं हसू परत उभं करी. कवळी केसाइतकी जरी चुकली तरी हिरडीला टोचते आणि माणूस जेवण टाकतो. त्यामुळे बारीक कामात आपला हात कुणी धरू शकत नाही असं त्याला वाटायचं, आणि ते फारसं खोटंही नव्हतं.

घरात तिघं. तो, त्याची बायको आणि चार वर्षांची मुलगी. मुलीला सगळे मुंगी म्हणत, कारण घरात गोड काही कुठेही लपवलं तरी ती तिथे आधी पोचलेली असे. बायको एका मोठ्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. सकाळी ती मुंगीला शाळेत सोडून पुढे जाई आणि दुपारी तिला आणायचं काम त्याच्याकडे. या सगळ्या धावपळीत एकच गाडी होती, मेव्हण्याने वापरून दिलेली, लहानशी आणि आता बरीच म्हातारी. ती गॅरेजला टाकली की गॅरेजवाला दिवसभर ठेवून घेई, आणि दिवसभर गाडीशिवाय राहणं या घराला परवडणारं नव्हतं. मग कारागीर जमेल तेवढं स्वतःच करू लागला. आधी वायपरचे रबर बदलले. मग मागचा दिवा. मग एअर फिल्टर. प्रत्येक वेळी गाडी नीट चालली आणि प्रत्येक वेळी त्याची छाती थोडी फुगली. बायको म्हणायची, "दात आणि गाडी एकच आहे का?" तो म्हणायचा, "दात जास्त अवघड."

त्यानंतर ड्रायव्हरच्या बाजूचं दार बिघडलं. रिमोटचं बटण दाबलं की बाकीची तिन्ही दारं उघडत, हे एक मात्र ढिम्म. किल्ली घालून फिरवावी लागे. कारागिराने दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. दाराच्या आत कुलूप वरखाली करणारी एक छोटी मोटर असते, ती बदलली की काम झालं, असं व्हिडिओतला माणूस हसतहसत सांगत होता. त्याने मोटर मागवली आणि रविवारी, बायको मुंगीला घेऊन बहिणीकडे गेल्यावर, इमारतीच्या खाली दार खोलून बसला.

आतलं प्लास्टिकचं आवरण निघता निघेना. निघालं तेव्हा कडकन आवाज झाला आणि ते धरून ठेवणाऱ्या दोन खुंट्या तुटल्या. आत वायर, पातळ दांडे, जुनं ग्रीस. मोटर बसली. पण बाहेरच्या किल्लीच्या भोकापासून कुलपापर्यंत जाणारा एक दांडा होता, त्याला धरून ठेवणारी नखाएवढी प्लास्टिकची क्लिप त्याच्या बोटात मोडली. ती कुठे मिळणार, तेही रविवारी? त्याने थोडा विचार केला आणि लॅबमधली बारीक तार घेऊन दांडा बांधून टाकला. आवरण लावलं, बटण दाबलं. चारही दारांनी एका आवाजात सलामी दिली. बायको परतल्यावर त्याने तिला खाली नेऊन दाखवलं. मुंगीने टाळ्या वाजवल्या.

मंगळवारपर्यंत सगळं छान होतं. मग दारांनी वेगळीच खोड काढली. बटण दाबलं की चारही कुलपं उघडायची आणि क्षणभरात आपली आपण पुन्हा लागायची. दर वेळी नाही, मनात येईल तेव्हा. त्यात किल्लीही फिरेना. आतला दांडा तारेतून निसटला होता. बायकोने सरळ सांगितलं की आता हे गॅरेजला दाखव, मी एक दिवस बसने जाईन. त्याने ऐकून घेतलं. नवीन मोटरची तार कुठेतरी नीट बसलेली नसणार, रविवारी पुन्हा खोलतो, तोवर दोनतीनदा बटण दाबलं की उघडतं, असं त्याने तिला समजावलं. तिने फार ताणलं नाही. तिच्याही डोक्याला तेव्हा उसंत नव्हती.

गुरुवारी दुपारी त्याने मुंगीला शाळेतून घेतलं. मुंगीच्या हाताला रंग लागलेला, पोटात भूक आणि डोळ्यांत झोप. सरळ घरी जायचं, पण एका डॉक्टरीणबाईंचा सकाळपासून तिसरा फोन येऊन गेला होता. एक आजोबा वरची-खालची पूर्ण कवळी घ्यायला येऊन बसले होते आणि कवळी तर कारागिराच्या शेजारच्या सीटवर डबीत होती. वाटेतच दवाखाना. दोन मिनिटांचं काम, असं म्हणून त्याने गाडी दवाखान्याच्या मागच्या आवारात लावली. तिथे सावली नव्हती. जिन्याला फरश्या बसवायचं काम चाललं होतं आणि फरशी कापायच्या यंत्राच्या आवाजात स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता.

मुंगी मागे तिच्या खुर्चीत पट्ट्याने बांधलेली होती. आपल्याला न घेता बाबा जातोय असं तिला वाटलं आणि तिने ओठ काढला. "तुला घेऊनच जातोय," तो म्हणाला आणि तिची समजूत म्हणून गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. किल्लीच्या बटणांशी खेळायला तिला फार आवडे. डबी घेऊन तो उतरला, स्वतःचं दार लावलं आणि गाडीला वळसा घालून तिच्या बाजूला निघाला. तो मागच्या दिव्यापाशी असेल नसेल, तेवढ्यात चारही कुलपं खट्ट करून लागली.

त्याला आधी हसू आलं. काचेतून त्याने बोटाने बटण दाबायची खूण केली. मुंगीही हसली आणि तिने बटण दाबलं. कुलपं उघडली. त्याने कडी ओढली, पण तोवर ती पुन्हा लागली होती. "परत," तो म्हणाला. तिने परत दाबलं. परत तेच. आता त्याने ठरवलं, कडी आधीच ओढून धरायची, म्हणजे क्षणभर कुलूप उघडलं की दार हातात येईल. तो कडी ओढून उभा राहिला आणि मुंगी बटण दाबत राहिली. बाकीच्या दारांची कुलपं उघडझाप करत होती, त्याच्या हातातलं दार मात्र जागचं हलेना.

मुंगीला हा खेळ वाटला. ती दाबायची, खट्ट व्हायचं आणि ती खिदळायची. मग तिचा हात घामाने ओला झाला आणि किल्ली निसटली. मांडीवरून घसरली, खुर्चीच्या कडेला आपटली आणि पुढच्या सीटच्या खाली गेली. मुंगीने वाकून पाहिलं. पट्टा तिला वाकू देईना. तिने बाबाकडे पाहिलं, बाबा काहीतरी करेल म्हणून.

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. व्हिडिओतल्या माणसाने जाताजाता सांगितलं होतं की कडी ओढलेली असताना कुलूप उघडत नाही, दांडा अडकून राहतो. म्हणजे एवढा वेळ तो स्वतःच दार अडवून उभा होता. त्याने कडी सोडली. आता कडी सोडून उपयोग नव्हता.

त्याने खिसे चाचपले. मोबाइल समोर डॅशबोर्डवर, स्टँडला अडकवलेला. चाकाचा पाना डिकीत आणि डिकीही बंद. तेवढ्यात मोबाइल वाजायला लागला. पडद्यावर डॉक्टरीणबाईंचं नाव दिसत होतं, कारागीर अजून का आला नाही म्हणून त्या वरून फोन करत होत्या. मुंगीने बोट दाखवून काचेमागून सांगितलं, "बाबा, फोन." आवाज नाही आला, ओठ दिसले. फोन वाजून वाजून थांबला.

त्याने फरशीवाल्यांना हाका मारल्या. यंत्र चालू होतं, कुणी मान वर केली नाही. गाडी सोडून त्यांच्यापर्यंत जायला पंधरावीस पावलं होती, पण तो दोन पावलं गेला की मुंगी घाबरून ओरडायची आणि तो परत काचेपाशी यायचा. असं किती वेळा झालं ते त्याला पुढे आठवलं नाही. तिचा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते आणि आता ती रडत होती, तोंड पूर्ण उघडून, आवाज मात्र फार लांबून आल्यासारखा. त्याने कोपर काचेवर मारलं. मग मूठ मारली. मुठीत डबी होती हे त्याला कळलंच नाही. आतून कटकन आवाज आला. कवळी तुटली होती, काच नाही.

डॉक्टरीणबाई कंटाळून जिन्याच्या खिडकीत आल्या आणि खाली पाहताच सगळं समजून धावत आल्या. त्यांच्या मागे त्यांची मदतनीस आणि मागोमाग, तोंडावर रुमाल धरून, ते आजोबा. बाईंनी पहिलंच विचारलं की दुसरी किल्ली कुठे आहे. दुसरी किल्ली बायकोच्या पर्समध्ये. बायकोचा नंबर? त्याने तोंड उघडलं आणि त्याला पहिले दोन आकडे आठवले. रोज तिला फोन करणारा माणूस, पण नंबर मोबाइलला ठाऊक, त्याला नाही. शेवटी मदतनीसने इस्पितळाच्या स्वागतकक्षात फोन लावला, तिथून त्यांनी विभागात जोडला, विभागातून कुणीतरी तिला एका पेशंटजवळून बोलावून आणलं. डॉक्टरीणबाईंनी तिला काय झालं ते शांतपणे सांगितलं. ती म्हणाली, मी किल्ली घेऊन निघते, टॅक्सीने येते. बाईंनी मान डोलावली आणि फोन त्याच्या कानाला लावला.

 किल्ली येईल तोवर सगळ्यांना धीर वाटणार होता, आणि तो धीर खोटा आहे हे जमलेल्यांपैकी फक्त त्याला माहीत होतं.

"त्या किल्लीने उघडणार नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"किल्लीचा दांडा मी तारेने बांधला होता. तो सुटलाय. बटणाचंही तेच होईल. उघडेल आणि लागेल."

पलीकडे तिच्या चालण्याचा आवाज येत होता, तो थांबला. मग ती एवढंच म्हणाली, "काच फोड."

"फुटत नाहीये."

"फोड म्हणाले ना," ती म्हणाली आणि फोन ठेवला नाही. तिचा श्वास त्याला ऐकू येत राहिला.

मदतनीस धावत जाऊन फरशीवाल्याला घेऊन आली. यंत्र बंद झालं तशी मुंगीच्या रडण्याची खरी पातळी सगळ्यांना कळली. आजोबा काहीतरी सांगत होते, पण दात नसल्याने त्यांचे शब्द कुणाला लागेनात. ते पुन्हा पुन्हा तेच सांगत होते आणि हाताने गाडीच्या दुसऱ्या टोकाकडे दाखवत होते. शेवटी बाईंना कळलं, मुलीपासून लांबची काच फोडा असं त्यांचं म्हणणं. फरशीवाल्याने छिन्नी आणि हातोडा आणला होता. त्याने कारागिराकडे पाहिलं, गाडी त्याची म्हणून. "पुढची फोडू?" कारागिराने मान डोलावली. मग त्याला वाटलं, निदान हे तरी आपण करावं, आणि त्याने हातोड्यासाठी हात पुढे केला. हात सुजला होता. फरशीवाल्याने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि हातोडा स्वतःकडेच ठेवला.

पहिल्या घावाने काही झालं नाही. दुसरा घाव त्याने काचेच्या खालच्या कोपऱ्यात छिन्नी टेकवून घातला आणि अख्खी काच साखरेसारखी आत ओघळली. फरशीवाल्याने हात घालून आतली कडी ओढली, दार उघडलं. कारागीर त्याला ढकलूनच आत शिरला. काचांच्या दाण्यांवर गुडघे टेकून दोन सीटच्या मधून मागे वाकला. मुंगी दोन्ही हात पुढे करून रडत होती. पट्ट्याचं लाल बटण त्याला सापडलं, पण ते दाबायला अंगठ्यात जोर नव्हता. त्याने डाव्या हाताने दाबलं. निसटलं. पुन्हा दाबलं. जे तो रोज दिवसातून दोनदा डोळे मिटून करायचा, ते त्याला जमेना. तोवर डॉक्टरीणबाईंनी फरशीवाल्याला आत हात घालून मागच्या दाराची खुंटी वर करायला लावली, त्या बाजूने आल्या आणि त्यांच्या एका हाताने पट्टा सुटला. मुंगी त्यांच्या गळ्यात पडली. तिने त्यांना आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं.

वर दवाखान्यात पंखा, ओला रुमाल, घोटघोट पाणी. मुंगी दातांच्या खुर्चीत आडवी झाली आणि थोड्या वेळाने बाईंच्या खुर्चीचं बटण दाबून वरखाली होऊ लागली. बाईंनी तिचं अंग, डोळे, श्वास सगळं पाहिलं आणि मूल ठीक आहे म्हणून सांगितलं. कारागीर दाराजवळच्या बाकावर आजोबांच्या शेजारी बसला होता. त्याने डबी उघडली. खालची कवळी मधोमध दुभंगली होती. पुन्हा करून देतो, तोवर त्रास होईल, माफ करा, असं तो म्हणाला. आजोबांनी रुमालाआडून काहीतरी म्हटलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. काय म्हटलं ते त्याला कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची त्याची हिंमत झाली नाही.

बायको आली ती इस्पितळाच्या कपड्यांतच. तिने मुंगीला उचललं, मान, पाठ, तळवे, सगळीकडे हात फिरवला.  मग नवऱ्याचा सुजलेला हात हातात घेतला, एकेक बोट हलवून पाहिलं आणि मोडलेलं नाही असं म्हणाली. पेशंटशी बोलतात तसं. तिने चार शब्द सुनावले असते तर त्याला बरं वाटलं असतं. घरी जाताना ती आणि मुंगी टॅक्सीने गेल्या. तो गाडीबरोबर थांबला, गॅरेजची गाडी ती ओढून न्यायला येईपर्यंत. फरशीवाल्याचं यंत्र पुन्हा सुरू झालं होतं.

गॅरेजवाल्याने गाडी दिवसभर ठेवून घेतली. दाराची मोटर उलटी बसवली नव्हती, तिची वायर तुटली नव्हती, काही नव्हतं. नवीन मोटरच सदोष निघाली होती. हे ऐकून कारागिराला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. बायको म्हणाली, "तू तरी काय करणार होतास." ती खरंच धीर देत होती. पण त्याला ते वाक्य दिवसभर टोचत राहिलं, कारण काय करायचं होतं ते तिने मंगळवारीच सांगितलं होतं.

पुढे मुंगी गाडीत बसायला अजिबात कुरकुरली नाही. भीती बसली ती त्याला. मुंगीला खुर्चीत बांधलं की तो किल्ली मुठीत धरून काच खाली करी, मगच दार लावी, आणि तरी एकदा कडी ओढून पाही. बोनेट त्याने पुन्हा उघडलं नाही. काच पुसायचं पाणी संपलं तेव्हासुद्धा ते भरायला गाडी गॅरेजला नेली आणि गॅरेजवाल्याने त्याच्याकडे विचित्र नजरेने पाहिलं.

आठवड्याभराने तो मुंगीला आणायला शाळेत गेला तेव्हा तिच्या बाईंनी त्याला बाजूला घेतलं. आता बरं वाटतंय ना, असं त्यांनी विचारलं. तो म्हणाला, हो, ती अगदी ठीक आहे. बाई जरा गोंधळल्या. मुलीविषयी त्या विचारत नव्हत्याच. मुंगीने वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं की तिचे बाबा गाडीच्या बाहेर अडकले होते. आत येता येत नव्हतं म्हणून ते खूप रडत होते, काचेला मारत होते, आणि तिने किल्ली पाडली म्हणून त्यांना दार उघडून देता आलं नाही. हे सांगताना ती रडली होती. मग चित्र काढून झाल्यावर विसरली. बाई म्हणाल्या, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

तो तिला घेऊन घरी निघाला. मुंगी मागे पाय हलवत गाणं म्हणत होती. घरी आल्यावर त्याने तिचे बूट काढले, तिला ओट्यावर बसवलं आणि तिच्यासमोर उभा राहून, जेवढ्या सोप्या शब्दांत सांगता येईल तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं की त्या दिवशी तिचं काहीच चुकलं नव्हतं. दार बिघडलं होतं. बाबाला ते नीट करता आलं नव्हतं. चूक बाबाची होती.

मुंगीने लक्ष देऊन ऐकलं. मग ती म्हणाली, "पण किल्ली मी पाडली."

"किल्ली पडली तरी दार उघडायला पाहिजे होतं. ते दारच वाईट होतं."

ती विचारात पडली. त्याला वाटलं, आता पोचलं. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं, जो आता पिवळसर निळा झाला होता, आणि त्यावर बोट ठेवलं.

"पुढच्या वेळी मी घट्ट धरीन," ती म्हणाली. "मग तू रडू नकोस."

पुढची वेळ येणारच नाही, असं त्याला सांगायचं होतं. अशा गोष्टी मुलांनी धरून ठेवायच्या नसतात, हेही सांगायचं होतं. पण तिने ते त्याला धीर देण्यासाठी म्हटलं होतं, तिला जमेल तेवढ्या मोठ्या आवाजात, आणि तो धीर परत कसा करायचा हे त्याला कळेना. तो नुसतं "बरं" म्हणाला.

मुंगी ओट्यावरून उतरायला हात पुढे करून थांबली होती. भूक लागली, असं तिने सांगितलं. त्याने तिला उतरवलं आणि पोळी गरम करायला तवा काढला.